पहिली गोळी कुणाला

माझ्या भावानं माझी सहा पुस्तकं वाचली नाहीत, त्याचा मला कधीच राग आला नाही. सातव्यातलं एक प्रकरण त्यानं वाचलं, त्याचा येतो. अजून येतो. आज सकाळी कॉफी ओतताना आला आणि निम्मी कॉफी टेबलावर गेली.

व्हर्लिन माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. एकतीस वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून आम्ही दोघं मिळून हे रँच चालवतो. साडेचार हजार एकर गवत, एकशे चौतीस बफेलो आणि साउथ डाकोटाचा वारा. आमच्या या म्हशी म्हणजे अमेरिकेतले बायसन, दुधाच्या नव्हेत. वशिंड दाराच्या चौकटीएवढं उंच, हाक मारली तर येत नाहीत, हाकललं तर जात नाहीत, आणि कुंपण ही त्यांच्या मते माणसांची हौस आहे. इथे सगळेच म्हणतात, बफेलोला कुठेही हाकून नेता येतं, फक्त तिला तिथं जायचं असलं पाहिजे.

पहाटे चार ते नऊ मी लिहिते. नऊला बूट घालते. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. वाचनालयांतून बोलावतात तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, हे दोन्ही तुम्हाला जमतं कसं? मी सांगते, छान जमतं. धडधडीत खोटं बोलते. लिहीत असते तेव्हा डोक्यात असतं की खालची टाकी गोठली असेल का, आणि टाकीवरचा बर्फ फोडत असते तेव्हा डोक्यात असतं की १८७३ साली घोड्याच्या नालाला खिळे किती मारत. दोन दगडांवर पाय ठेवून इतकी वर्षं काढली की पडत नाही म्हणजे आपण नीट उभ्या आहोत असंच वाटायला लागतं.

एक काम मात्र मी कधी चुकवलं नव्हतं. आम्ही जनावरं कत्तलखान्यात पाठवत नाही. ट्रकमध्ये कोंडलेला बफेलो आधी ट्रक फोडतो, मग स्वतःला. आमच्याकडे माळावरच, कळपात चरत असताना, कानामागे एक गोळी. गाडी मी चालवते, बंदूक व्हर्लिनची. कुणाला, ते मी सांगायचं. मारणारा आणि निवडणारा एकच नसावा, हा आमच्या वडिलांचा दंडक. ते म्हणत, दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली की त्याला घाई होते. कळपाच्या कडेचा अडीच वर्षांचा रेडा मी निवडते, व्हर्लिन एकदा विचारतो, "नक्की?" मी म्हणते, "नक्की." मग गोळी. मग बाकीचे येऊन त्याला हुंगतात, त्यांचं हुंगून होईपर्यंत आम्ही गप्प बसतो. सकाळी तीन होतात, फार तर चार.

आणि थोरली. आम्ही जनावरांना नावं देत नाही. ज्याला खायचं त्याचं बारसं करू नये. पण हिला मी थोरली म्हणायची, कारण काहीतरी म्हणायलाच लागायचं. एकोणीस वर्षांची, डावं शिंग टोकाशी मोडलेलं. कळप तिचा होता. आमच्या नावावर फक्त जमीन होती. दर ऑक्टोबरात आम्ही वरच्या माळाचं फाटक उघडायचो आणि घरी जायचो. थोरली दोन दिवस फाटकाकडे ढुंकूनही बघायची नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच निघायची, आणि तिच्यामागे सगळ्या एका ओळीत, नदीकाठच्या हिवाळी कुरणात. तिथं झाडांचा आडोसा आहे, न गोठणारा झरा आहे. वरच्या माळावर नोव्हेंबरात गवताची मुळं राहतात आणि तळ्याचा चिखल. तिथं कळप अडकला तर काय होतं हे मी लहानपणी एकदा पाहिलंय आणि पुन्हा पाहायचं नाही.

सातवी कादंबरी कातड्यांसाठी बफेलो मारणाऱ्यांची. एझ्रा नावाचा शिकारी आणि त्याची पाच वर्षं. शिकारीचं प्रकरण मी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा जमलं. न्यूयॉर्कच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं की वाचताना अंगावर काटा आला. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? फक्त बंदुकीचे तपशील बरोबर आहेत का, एवढं पाहण्यासाठी मी ती पानं व्हर्लिनकडे दिली. चार दिवसांनी पानं परत आली. एका ठिकाणी गोळीचं वजन खोडून दुरुस्त केलेलं, एका ठिकाणी कपाचा गोल डाग. बाकी अक्षर नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. आमच्या घरात हे नोबेल पारितोषिक समजावं.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी बारा रेडे द्यायचे होते. म्हणजे चार सकाळी. पहिल्या सकाळी व्हर्लिन दारात येऊन उभा राहिला, टोपी घालून.

"चल."

"आज तू जा. शेवटची सहा पानं उरलीत. शुक्रवारी पाठवायचंय."

"निवडणार कोण?"

"तुला काय दिसत नाही का? कडेचे दोन-तीन घे."

त्यानं विचारलं, "नक्की?"

"अरे जा ना बाबा!" मी मान वर न करता म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

पुस्तक साडेअकराला संपलं. शेवटचं वाक्य लिहून मी खुर्चीतच हात वर केले, कुणी बघत नव्हतं म्हणून. मग बूट घातले आणि आनंदात माळावर गेले. वाटेत मी चक्क गात होते, आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कातडी सोलायची गाडी तळ्यापाशी उभी होती. कॉनी शाट्झ, सरकारी मांसतपासनीस, शाळेपासूनची माझी मैत्रीण, रबरी एप्रनमध्ये हात धूत होती. तिनं आणलेला कुखन, म्हणजे तो प्लमचा केक, गाडीच्या पायरीवर फॉइलखाली होता.

"अगं आर्लिस, आज तुझ्या भावानं कमाल केली!" ती लांबूनच ओरडली. "सगळे बारा! एकाच सकाळी! बावीस वर्षं ही नोकरी करतेय, असं नाही बघितलं. बारा गोळ्या, बारा जनावरं. एक पळालं असेल तर शपथ."

मी गाडीचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले.

"पळाली का नाहीत, कॉनी?"

"मला काय माहीत? नुसती उभी होती. गोल गोल फिरत होती, एकमेकांना ढुशा देत. मला तर बाई जरा विचित्रच..." ती थांबली. माझा चेहरा दिसला असावा.

का पळाली नाहीत ते मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं. पान एकशे बारा. पहिली गोळी म्हातारीला. रस्ता तिला ठाऊक, बाकीच्यांना फक्त ती ठाऊक. ती पडली की सगळ्या तिच्याभोवती जमतात, कारण आता जायचं कुठं हे सांगणारं कुणी उरत नाही. मग एझ्रा निवांत बसून, पाइप ओढत, एकेक. फार सुंदर लिहिलं होतं मी ते.

ताडपत्रीवर मुंडकी ओळीनं मांडलेली होती, तपासणीसाठी. अकरा तरुण रेड्यांची. बारावं मोडक्या शिंगाचं.

व्हर्लिन पाण्याचा पाइप गुंडाळत होता. माझ्याकडे पाठ होती.

"कुणी निवडलं?" मी म्हणाले.

तो वळला नाही. "दोन वर्षं गाभण राहिली नव्हती. एकोणीस वर्षांची. पुढच्या हिवाळ्यात दात..."

"मी दात विचारले का तुला? कुणी निवडलं?"

"तू."

"मी घरात होते!"

"तूच निवडलंस, आर्लिस." आता तो वळला. "तुझ्याच पुस्तकात आहे. पहिली कुणाला, ते तूच लिहिलंयस. मी फक्त कानामागे मारली. तुझा तो एझ्रा फुप्फुसात मारतो, ते मला पटलं नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला त्या दिवशी खरोखर वर चढताना कळली. ह्याला माझ्या पुस्तकातलं काय पटतं नि काय नाही! एझ्राची चूक काढतोय! मी पायरीवरचा कुखन उचलला आणि त्याच्या अंगावर फेकला. तो वाकला. केक पिकअपच्या काचेवर बसला आणि सावकाश खाली घसरला.

"माझा कुखन," कॉनी म्हणाली.

"मूर्खा, ते शिकारी होते! त्यांना कळप संपवायचा होता!"

"आरडाओरडा करू नकोस, जनावरं आहेत."

"आता आठवली जनावरं?"

"अठ्ठावीस वर्षं मी काय म्हणतो? खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. आज सकाळी दारात उभा होतो ना मी? विचारलं ना, नक्की का म्हणून? तू काय म्हणालीस?"

हे खरं होतं, आणि खरं ऐकलं की मी आणखी ओरडते. काय काय बोलले ते लिहीत नाही. वडिलांचं नाव काढलं. त्यानं माझ्या घटस्फोटाचं काढलं. कॉनी गाडीत जाऊन बसली आणि तिनं रेडिओ मोठा केला.

आम्ही दोघं पाच दिवस एकमेकांशी बोललो नाही. एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओव्हनमधून, दोन वेगवेगळ्या वेळी जेवलो. तो माझ्यासाठी भांड्यात निम्मं ठेवायचा, ते मी रागानं कुत्र्याला घालायचे आणि स्वतः टोस्ट खायचे. कुत्रा त्या आठवड्यात चांगला फुगला. शुक्रवारी पुस्तक पाठवायचं होतं ते पाठवलं नाही. संपादकबाईंचा फोन आला तर मी उचलला नाही. पहाटे चारला उठायचे, टेबलापाशी जायचे, एकशे बारावं पान काढायचे. एक शब्द बदलावासा वाटायचा नाही. याचाच संताप यायचा. वाईट लिहिलं असतं तर निदान व्हर्लिनला कंटाळा तरी आला असता.

दरवर्षीसारखं फाटक उघडून तीन दिवस झाले होते. थोरली असती तर निघाली असती.

कळप तिथंच होता. जिथं ती पडली तिथली जमीन त्यांनी खुरांनी उकरून काळी केली होती. चरायला शंभर पावलं जायचे, परत यायचे. मोठ्या माद्या त्या मातीवर उभ्या राहून घशातून घुरघुरायच्या. रेडकं दूध मागायची आणि लाथा खायची. मी पिकअपमधून पेंडीच्या कांड्या टाकत फाटकापर्यंत ओळ घातली. कांड्या खात आले, अगदी फाटकाच्या खांबाला नाक लागेपर्यंत आले, मग डोकं वर करून बघत राहिले. पुढे बघत नव्हते. एकमेकांकडे बघत होते. कुणी जातंय का? कुणीच जात नव्हतं. मग सगळे मागे फिरले. कांड्यांचं पोतं माझ्या हातात तसंच राहिलं. चार पावलांवर फाटक, फाटकापलीकडे पोटरीएवढं गवत, आणि ही एवढी धिप्पाड जनावरं दारात रस्ता विसरलेल्या म्हातारीगत उभी राहून परत गेली. मी गाडीच्या हॉर्नवर डोकं ठेवून रडले. हॉर्न वाजत राहिला, त्यानंही कुणी हललं नाही.

सातव्या दिवशी रेडिओवर बर्फाच्या वादळाचा इशारा आला. सहाव्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो, पण फक्त कामाचं. "पक्कड दे." "तो खांब धर." फाटकातून जात नाहीत तर फाटकच नको, म्हणून आम्ही अर्ध्या मैलाचं कुंपण तोडलं. दोघांचे हात सोलून निघाले. तारा गुंडाळल्या, खांब आडवे केले, म्हणजे तिथं आत-बाहेर असं काही उरलं नाही. मग वारा नदीकडून येण्याची वाट पाहत बसलो, झऱ्याचा वास यावा म्हणून. नवव्या दिवशी कळप फुटला. चाळीसेक एका बाजूनं उतरले. पन्नास-पंचावन्न दुसऱ्या बाजूनं, वेडेवाकडे, एकमेकांना तुडवत. एका रेडकाचा पाय मोडला, त्याला व्हर्लिनला गोळी घालावी लागली. निवडायचा प्रश्न नव्हता, तरी त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवेपर्यंत थांबला.

उरल्या सव्वीस. त्या हलेनात. थोरलीच्या मुली, नाती, त्यांची रेडकं, हे मी कानातल्या टॅगच्या नंबरांवरून सांगू शकते. त्या काळ्या मातीभोवती कडं करून उभ्या होत्या. तोंडं आत.

दहाव्या दिवशी दुपारी आम्ही पिकअपमध्ये बसलो होतो, त्यांच्यापासून दोनशे पावलांवर. आकाश पश्चिमेकडून पांढरं होत चाललं होतं. व्हर्लिननं थर्मासमधली कॉफी ओतली आणि आधी माझ्यापुढे धरली. मी घेतली. घेतली म्हणजे माफ केलं असं त्यानं समजू नये म्हणून थँक्यू म्हटलं नाही.

"गेल्या वर्षीचा तो रेडा," तो म्हणाला.

"कुठला?"

"तिसरा. आधीचे दोघं पडल्यावर कळप उधळला होता, माझी गोळी मानेत बसली. दीड तास शोधला आपण त्याला. तू गाडीतच होतीस. ओढ्यात उतरून मी गेलो." तो खिडकीबाहेर बघत होता. "माझ्याकडे बघत होता गं तो. जिवंत. दीड तास."

मी कप डॅशबोर्डवर ठेवला.

"तेव्हापासून बंदूक उचलली की हात थरथरतो. तुला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतीस, पुस्तकात घातलं असतंस." हे तो लागेल असं बोलला नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. "मग तुझं ते वाचलं. चार दिवस वाचत होतो. मला वाचायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. त्यात होतं, पहिली गेली की बाकीची पळत नाहीत. उभी राहतात. म्हटलं, पळणार नाहीत तर जखमी होणार नाहीत. म्हटलं, आर्लिस एवढा अभ्यास करते, खरं असेल."

"खरंच आहे ते," मी म्हणाले.

"हो ना. अगदी तू लिहिलंस तसंच झालं. एकही हललं नाही."

दहा दिवस मी जो राग भाजून भाजून जपला होता, तो आता ठेवायला मला जागा सापडेना. गेला नाही. तो गेला असता तर बरं झालं असतं. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या लिखाणावर एका माणसानं पुरता विश्वास ठेवला होता, तो माझा भाऊ होता, आणि त्यानं जनावराला कमी दुखावं म्हणून ठेवला होता. आणि मी? मी ते पान लिहिलं तेव्हा एझ्राच्या बंदुकीच्या नळीमागे बसून लिहिलं. गोळीचं वजन पडताळायला दिलं. थोरली माझ्या खिडकीतून दिसत होती आणि म्हाताऱ्या मादीनंतर कळपाचं काय होतं, हा प्रश्न मला तीन खर्ड्यांत एकदाही पडला नाही. तशी मी घोड्याच्या नालाचे खिळेसुद्धा मोजते.

वारा वाढला. सव्वीस जणी तशाच उभ्या होत्या. एका रेडकानं कड्यातून डोकं बाहेर काढलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत घातलं.

"आर्लिस."

"काय?"

"मी तेवढंच प्रकरण वाचलंय. पुढची पानं तू दिली नव्हतीस." व्हर्लिननं कपातली उरलेली कॉफी खिडकीबाहेर ओतली. तो खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. आपल्याला न येणारी गोष्ट जाणत्या माणसाला विचारावी तसं विचारत होता. "अशी उभी राहिली की मग ते काय करायचे? पुढे काय लिहिलंयस तू?"

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात कुखनचा वाळलेला तुकडा अजून चिकटलेला होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"पुढे काही नाही, व्हर्लिन," मी म्हणाले. "पुढे ते सगळ्यांना मारतात."

मग त्यानं बंदूक सीटमागे सरकवली, टोपी कानांवर ओढली आणि दार उघडून खाली उतरला, त्या सव्वीस जणींकडे चालू लागला. मीही उतरले. बर्फ पडायला लागला होता.